हिवरे बाजारचा अभ्यास दौरा: आधी ग्रामसभा समजून घ्या, बंधारे नंतर बघा

नवीन सरपंच-सदस्य निवडून आले की वर्षभरात एकदा तरी अभ्यास दौऱ्याचा विषय निघतोच, आणि यादीत पहिलं नाव बहुतेक वेळा हिवरे बाजारचं असतं. अहिल्यानगर शहरापासून साधारण १७ किलोमीटरवर, नगर तालुक्यातलं हे गाव. सोयीचं आहे, पाणी अडवण्याच्या कामासाठी नावाजलेलं आहे, आणि ज्या माणसाने ते घडवलं ते पोपटराव पवार आजही गावाच्या कामात आहेत. हा दौरा करण्यासारखा आहे का? आहे, आणि मनापासून सांगतो, सरपंचाच्या खुर्चीवर नव्याने बसलेल्या कुणीही तो पहिल्या सहा महिन्यांतच करावा. पण बहुतेक गट ज्या पद्धतीने तो करतात, त्यात गाडीभाडं आणि दिवस दोन्ही फुकट जातात.

गाडी वेशीवर थांबते. फोटो होतात. मग सभागृहात तासभर माहिती, शिवारात एक फेरी, एखाद्या बंधाऱ्यावर पुन्हा फोटो, जेवण, आणि संध्याकाळी परत. जाताना सगळे म्हणतात, ‘आपल्याकडे पण असे बंधारे घ्यायला पाहिजेत.’ पुढच्या आराखड्यात दोन सिमेंट बंधारे घातले जातात आणि तीन पावसाळ्यांत ते गाळाने भरतात. त्यात हिवरे बाजारचा दोष नाही. बघायचं काय, हे न ठरवता गेल्याचा तो परिणाम आहे.

बघायचा आहे तो क्रम. कोणता निर्णय आधी झाला, कोणता नंतर, आणि प्रत्येकाला गावाने हो का म्हटलं. त्यासाठी सरपंचाची वाटचाल थोडी माहीत करून जावी लागते.

१९८९ साली पोपटराव पवार बिनविरोध सरपंच झाले. एम.कॉम. झालेला, क्रिकेट खेळणारा तरुण. गावातला त्या वेळचा सर्वांत जास्त शिकलेला माणूस. घरच्यांना वाटायचं की त्याने क्रिकेटमध्ये किंवा नोकरीत नाव काढावं. गावातल्या पोरांनी आग्रह धरला म्हणून तो उभा राहिला. गावाची अवस्था काय होती? १९७२ च्या दुष्काळापासून घसरण लागलेली. डोंगर बोडके, विहिरी उन्हाळ्यात कोरड्या, माणसं कामासाठी बाहेर, आणि गावात दारूचे २२ गुत्ते. सरकारी नोकराची इथे बदली म्हणजे शिक्षा, असं बोललं जायचं. पुढे १९९५ च्या सुमाराला मोजणी झाली तेव्हा १८२ कुटुंबांपैकी १६८ दारिद्र्यरेषेखाली निघाली.

अशा गावात नवा सरपंच पाण्यापासून सुरुवात करेल असं कुणालाही वाटेल. तिथे तसं झालं नाही. शाळेचं काम आणि दारूबंदी आधी आली. गुत्ते नुसते बंद केले नाहीत. त्यावर जगणाऱ्या कुटुंबांना दुसरा धंदा उभा करायला बँकेचं कर्ज मिळेल अशी तजवीज ग्रामसभेने केली. ही गोष्ट दौऱ्यात पाच मिनिटांत सांगून होते आणि ऐकणारे वहीत ‘दारूबंदी’ एवढाच शब्द लिहून घेतात. थांबा आणि विचारा. गुत्तेवाल्यांशी कोण बोलायला गेलं? कर्ज फेडायची हमी कशी बसली? ज्याचं पोट त्यावर होतं तो गप्प कसा बसला? आपल्या गावात जाऊन लागू करायचं ते या उत्तरांतच आहे.

१९९२ मध्ये राज्य सरकारची आदर्श गाव योजना आली, राळेगणसिद्धीच्या अनुभवावर बेतलेली. हिवरे बाजार १९९४ मध्ये त्यात घेतलं गेलं आणि मगच पाणलोटाची मोठी कामं सुरू झाली. म्हणजे निवडून येणं आणि पाण्याचं मुख्य काम यांमध्ये चार-पाच वर्षांचं अंतर आहे. आजच्या सरपंचाला ही मुदत जवळजवळ पूर्ण कारकिर्दीएवढी वाटेल. तेवढा काळ गावाचा विश्वास बसण्यात गेला, आणि तो बसला म्हणून पुढचे नियम टिकले.

नियम सगळ्यांना तोंडपाठ असतात: कुऱ्हाडबंदी, चराईबंदी, नसबंदी, नशाबंदी, श्रमदान. नंतर त्यात लोटाबंदी, म्हणजे उघड्यावर शौचाला बंदी आली, आणि शेतीसाठी बोअरवेल घ्यायची नाही हा नियम आला. ऊस आणि केळीवर बंदी आली. पाहुण्यांना यातली चराईबंदी सगळ्यांत सोपी वाटते. प्रत्यक्षात ती सगळ्यांत अवघड आहे. ज्याच्याकडे पाच शेळ्या आहेत आणि जमीन नाही, त्याचा हा रोजचा घास आहे. नियम टिकला तो गवत कापून न्यायची मुभा ठेवल्यामुळे. जनावर डोंगरावर मोकळं सोडायचं नाही. विळ्याने कापा, भारा बांधा, गोठ्यात घाला. गवत मुळासकट उपटलं जात नाही, खुरांनी माती सुटत नाही, आणि दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी चारा इतका वाढतो की शेळ्यांऐवजी दुभती जनावरं परवडायला लागतात. १९९० च्या दशकाच्या मध्यात रोज दीडशे लिटरच्या आसपास निघणारं दूध पुढे चार हजार लिटरच्या घरात गेलं ते याच वाटेने. ज्या गावांनी कापायची सोय न ठेवता नुसती चराईबंदीची पाटी लावली, तिथे पहिल्याच उन्हाळ्यात पाटी पडली.

आता शिवार. फेरी खालून सुरू करू नका, वरून करा. ‘माथा ते पायथा’ हे पाणलोटाचं सूत्र इथे डोळ्यांनी दिसतं, पण त्यासाठी डोंगरावर चढायला लागतं, आणि गट तिथेच कंटाळतात. माथ्यावर सलग समतल चर आहेत, म्हणजे उताराला आडवे, एकाच पातळीत खणलेले लांब चर. सोबत टेप न्या. चराचं नेहमीचं माप ६० सेंटिमीटर रुंद, ३० सेंटिमीटर खोल असं धरा: एका मीटरला १८० लिटर पाणी थांबतं. दोन चरांमध्ये ५ मीटर अंतर ठेवलं तर हेक्टरी २,००० मीटर चर बसतो, म्हणजे एका भरण्यात ३ लाख ६० हजार लिटर. हेक्टरवर ३६ मिलिमीटर पाणी वाहून आलं तर ते सगळं तिथेच अडतं. अवर्षणप्रवण पट्ट्यातला एखादा जोराचा पाऊस डोंगरावरच जिरवायची ही ताकद आहे, आणि त्यात सिमेंटचा कणही नाही.

चर चुकतो कुठे तेही तिथे उभं राहून समजून घ्या. समपातळीची रेषा पाणीनळी किंवा ए-फ्रेम अशा पातळी बघायच्या साध्या साधनांनी न आखता नजरेने आखली की एका टोकाला उतार राहतो. पाणी त्या टोकाला साठतं, भराव फोडतं आणि एकाच जागी घळ पडते. चर नसता तर कमी नुकसान झालं असतं. उकरलेली माती उताराच्या खालच्या बाजूलाच टाकायची, आणि चराच्या काठापासून वीत-दीड वीत जागा सोडून. काठावर टाकली तर पहिल्या पावसात परत आत. भरावावर गवत किंवा झाड लागलं नाही तर दोन वर्षांत चर बुजतो. म्हणजे पुन्हा चराईबंदी. नियम आणि खोदकाम एकमेकांवर असे टेकलेले आहेत. एक काढलं की दुसरं पडतं.

माथ्यावरून खाली येताना माती नालाबांध, दगडी बांध, पाझर तलाव लागतात. हा भाग बहुतेकांना माहीत असतो, त्यामुळे त्यावर फार वेळ घालवू नका. एकच प्रश्न विचारा: गाळ कोण काढतं, किती वर्षांनी, आणि तो कुणाच्या शेतात जातो? ज्या गावाकडे याचं उत्तर नसतं त्याने नवा बंधारा मागू नये. कामांचा पैसा मुख्यतः सरकारी योजनांचाच होता, रोजगार हमीसकट. पैसा बाकीच्या गावांनाही तोच मिळत होता.

दौऱ्यातला सगळ्यांत मोलाचा भाग पाण्याचा ताळेबंद. यासाठी अर्धा दिवस राखून ठेवा. सुरुवातीला गणित समजून घ्या, ते पाचवीच्या पोराला येईल इतकं सोपं आहे. १ हेक्टरवर १ मिलिमीटर पाऊस म्हणजे १०,००० लिटर. गावाचं क्षेत्र साधारण ९७७ हेक्टर. म्हणजे दर मिलिमीटरला ९७ लाख ७० हजार लिटर. सरासरी ४०० मिलिमीटर पाऊस धरला तर वर्षाला सुमारे ३९० कोटी लिटर गावावर पडतं. ऐकायला अफाट वाटतं. पण त्यातलं बरंच उन्हाने उडून जातं, काही जमिनीच्या ओलाव्यात राहतं, काही वाहून जातं. जे मुरतं आणि विहिरीत येतं तेच खर्चायला मिळतं.

खर्चाची बाजू मांडा. साडेबाराशे लोकसंख्या आणि माणशी रोज ५५ लिटर धरले तर वर्षाला अडीच कोटी लिटर. मोठी जनावरं हजार धरली आणि प्रत्येकाला रोज ६० लिटर, तर आणखी २ कोटी २० लाखांच्या आसपास. हे आधी बाजूला काढायचं. त्याला हात लावायचा नाही. उरलेलं पिकांना. रब्बी ज्वारीला ४०० मिलिमीटरच्या आसपास पाण्याची गरज धरा, म्हणजे हेक्टरी ४० लाख लिटर. उसाला २,००० मिलिमीटर धरा, म्हणजे हेक्टरी २ कोटी लिटर. एक हेक्टर ऊस, आणि गावाचं जवळजवळ दहा महिन्यांचं पिण्याचं पाणी संपलं. ऊसबंदीचं कारण लोकांना भाषणातून पटवावं लागत नाही. ही बेरीज फळ्यावर एकदा मांडली की माणसं आपणच गप्प होतात.

पावसाळा संपला की पर्जन्यमापकाची नोंद आणि निरीक्षण विहिरींच्या पातळ्या घेऊन हा हिशेब ग्रामसभेपुढे येतो. पाऊस कमी असेल त्या वर्षी उन्हाळी पीक बाद, भाजीपाल्याचं क्षेत्र कमी. सरपंचाने तोंडी सांगितलं असतं तर ‘त्याच्या विहिरीला पाणी आहे म्हणून बोलतोय’ असं म्हणायला जागा राहिली असती. मोजलेला आकडा कुणाच्याच बाजूचा नसतो. पोपटराव पवारांच्या कामाची खरी कमाई मला इथे दिसते: निर्णय माणसावरून काढून आकड्यावर ठेवला, आणि आकडा सगळ्यांसमोर.

तुमच्या गावात हे करायला फार सामान लागत नाही. एक साधा पर्जन्यमापक, उघड्या जागी, झाड-भिंतीपासून दूर. रोज सकाळी ठरलेल्या वेळी वाचन. शिवाराच्या वरच्या, मधल्या आणि खालच्या भागातल्या मिळून पाच-सहा विहिरी निवडायच्या. दोरीला वजन बांधून पाण्याची पातळी मोजायची, काठावर रंगाने खूण करून नेहमी त्याच खुणेपासून. मोजायच्या आधी मोटर काही तास बंद पाहिजे, नाहीतर उपशाने खाली गेलेली पातळी लिहिली जाते. नव्या गावांत सगळ्यांत जास्त चूक याच ठिकाणी होते. दुसरी चूक, नोंदवही एकाच माणसाकडे ठेवणं. तो गावाला गेला की महिना कोरा. शाळेतल्या मुलांकडे आणि शिक्षकांकडे वाचन द्या. तिथे खाडा पडत नाही.

ग्रामसभेच्या बाजूने काय तयारी हवी? कायद्याप्रमाणे गणपूर्तीला (कोरमला) एकूण मतदारांच्या १५ टक्के किंवा १०० जण, यातला कमी असेल तो आकडा लागतो. हजारभर मतदारांच्या गावात १०० माणसं जमली की पुरे, आणि ती नाही जमली तर तहकूब सभा गणपूर्तीशिवाय चालते. बहुतेक गावं हीच पळवाट धरतात: पहिली सभा तहकूब, दुसरीत पंचवीस डोकी, ठराव मंजूर. बोअरबंदीसारखा ठराव असा घेतला तर महिन्याभरात रात्रीची बोअरची गाडी शिवारात येते. भूजलाच्या २००९ च्या राज्य कायद्यात अधिसूचित क्षेत्रात शेतीसाठी ६० मीटरपेक्षा खोल विहिरीला बंदी आहे, पण कायदा शिवारात राखणीला येत नाही. शेजारी येतो, आणि तो सभेत हजर असेल, त्याने हात वर केलेला असेल, तरच.

काही गोष्टी डोळे मिटून उचलू नका. नसबंदीचा नियम त्या काळातून आला. आज कुठल्याही ग्रामपंचायतीने कुणाच्या घरातल्या या निर्णयात पडू नये. लग्नाआधी एचआयव्ही तपासणी सक्तीची करण्याचा तिथला नियमही तसाच. तपासणीचा आग्रह आणि समुपदेशन चांगलं, सक्तीला कायद्याचा आधार मिळणार नाही आणि एखाद्या मुलीची बदनामी व्हायला वेळ लागणार नाही. बिनविरोध निवडणुकीबद्दलही जपून. हिवरे बाजारमध्ये तीन दशकं मतदानाची वेळच आली नव्हती. २०२१ च्या जानेवारीत विरोधी पॅनल उभं राहिलं, मतदान झालं आणि पवारांच्या पॅनलने सगळ्या ७ जागा जिंकल्या. मला ते मतदान झालं हेच चांगलं वाटतं. तीस वर्षांच्या कामाला गावाने मतपेटीतून पुन्हा एकदा हो म्हटलं. तुमच्या गावात पहिल्याच वर्षी बिनविरोधचा हट्ट धरला तर ज्यांना बोलायचं आहे ते ग्रामसभेत यायचे बंद होतात, आणि मग नियम मोडणारेही तेच असतात.

आणखी एक उणीव सांगायला हवी. गाव लहान आहे. साडेबाराशेच्या आसपास लोकवस्ती, ९७७ हेक्टर, सगळे एकमेकांना नावाने ओळखणारे. आठ-दहा हजारांच्या, पाच वाड्यांच्या, दोन गटांत विभागलेल्या गावाला हा नमुना जसाच्या तसा बसणार नाही. तिथे एक वाडी, एक ओढा, तीस-चाळीस विहिरी एवढाच तुकडा घ्या आणि त्याचा ताळेबंद मांडा. पूर्ण गावाचा आराखडा घेऊन बसलात तर पाच वर्षं आराखड्यातच जातील.

आता दौऱ्याचं नियोजन. एका गाडीत मावतील एवढीच, वीस-पंचवीस माणसं न्या. पन्नासांच्या गटात मागचे पंधरा जण काहीच ऐकत नाहीत. कोण न्यायचं हे जास्त महत्त्वाचं. सरपंच आणि ग्रामपंचायत अधिकारी असणारच. किमान एक तृतीयांश बायका हव्यात, कारण पाण्याचा आणि चाऱ्याचा हिशेब त्यांच्याकडे असतो. एक शेळीपालक, एक मोठा बागायतदार ज्याच्याकडे दोन बोअर आहेत, एक शिक्षक. आणि सरपंचाचा कट्टर विरोधक, हात जोडून, मान देऊन. तो परत येऊन जे बोलेल त्यावर गाव विश्वास ठेवेल. सरपंचाच्या माणसांनी कितीही कौतुक केलं तरी ते घरचंच समजलं जातं.

वेळ निवडताना पावसाळा टाळा. ऑगस्टमध्ये सगळीच गावं हिरवी असतात, काही कळत नाही. एप्रिल-मे मध्ये जा, जेव्हा तुमच्या गावात टँकरची चर्चा चालू असते. तेव्हा विहिरीत डोकावून बघितलं की फरक अंगावर येतो. जमल्यास त्यातले चार जण पावसाळ्यानंतर, ताळेबंद मांडायच्या वेळी पुन्हा जातील असं करा. आधी ग्रामपंचायतीशी बोलून तारीख नक्की करा, लेखी पत्र द्या, आणि आपल्याला नेमकं काय बघायचं आहे ते पत्रात लिहा: माथ्यावरचे चर, ताळेबंदाची वही, ग्रामसभेचं इतिवृत्त. असं लिहिलं नाही तर सगळ्यांना दाखवतात तेच तुम्हालाही दाखवतील, आणि त्यात गैर काही नाही. पवार स्वतः भेटतीलच असं धरून बेत आखू नका. पद्मश्री आणि राज्याच्या आदर्श गाव समितीचं काम यांमुळे त्यांच्या वेळेवर ताण असतो. खरं सांगायचं तर गावातला साधा शेतकरी जे सांगेल ते जास्त उपयोगाचं: त्याला कांद्याचं क्षेत्र कमी कर म्हटलं त्या वर्षी त्याने काय केलं?

राळेगणसिद्धी त्याच दिवशी उरकायचा मोह होतो. नका करू. दोन्ही गावं अर्धवट होतात.

जायच्या आधी घरचा अभ्यास म्हणून आपल्या गावाचे चार आकडे कागदावर नेणं मी तर सक्तीचं करेन: भौगोलिक क्षेत्र हेक्टरमध्ये, तालुक्याचा सरासरी पाऊस, विहिरी आणि बोअर किती, उसाखाली किती हेक्टर. तलाठ्याकडे आणि कृषी सहायकाकडे हे दोन दिवसांत मिळतं. ताळेबंदाच्या फळ्यासमोर बसून हिवरे बाजारच्या आकड्यांशेजारी आपले आकडे लिहा आणि बागायतदाराच्या हातात खडू द्या. उसाच्या हेक्टरला २ कोटी लिटरने त्यालाच गुणू द्या.

परत आल्यावर पंधरा दिवसांच्या आत ग्रामसभा लावा. त्यात दौऱ्याचं वर्णन विरोधकाला करायला सांगा, आणि ठराव एकच घ्या: पर्जन्यमापक कुठे बसवायचा आणि कोणत्या सहा विहिरी मोजायच्या.